माळीकाम आणि लँडस्केपिंग: एका पुनर्वसन केंद्राच्या अंगणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

अपघातानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालायला शिकणाऱ्या रुग्णांसाठी असलेल्या एका पुनर्वसन केंद्राच्या मागील अंगणाचे हे प्रकरण आहे. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत. हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की, माळीकाम (रोपांची लागवड आणि निगा) आणि लँडस्केपिंग (जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा, वाटा, भिंती घडवणे) ही एकच कामे समजली तर काय होते आणि ती वेगळी ओळखूनही त्यांचा क्रम चुकला तर काय होते, हे दोन्ही येथे एकाच जागेवर पाहायला मिळाले. पहिला टप्पा फसल्यानंतर केंद्राने मला सल्ल्यासाठी बोलावले; त्याआधीचा भाग केंद्राच्या नोंदींवरून आणि तेथील माणसांच्या सांगण्यावरून लिहिला आहे.

अंगण सुमारे 30 मीटर लांब आणि 24 मीटर रुंद, म्हणजे 720 चौरस मीटरचे होते. मागच्या दारापासून पहिले 16 मीटर जमीन जवळजवळ सपाट होती आणि त्यापुढच्या 8 मीटरमध्ये ती एक मीटर चढत होती. चढाच्या माथ्यावर 50 सेंटिमीटर जाडीच्या बुंध्याचे एक जुने, डेरेदार सावलीचे झाड होते. इमारतीच्या भिंतीलगत फुलझाडांचे वाफे आणि मधे हिरवळ अशी ही बाग एका ज्येष्ठ माळ्याने कित्येक वर्षे सांभाळली होती. त्यांच्या हाताखाली एक तरुण सहायक काम करत होती आणि ती त्यांना काका म्हणत असे.

काकांच्या कौशल्याबद्दल कोणालाही शंका नव्हती आणि आजही नाही. रोप दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरते की ओल्या मातीतही सकाळपासून मान टाकून असते, एवढ्यावरून ते उन्हाचा ताण आणि कुजलेले मूळ यांतला फरक सांगत. डोळा कधी भरायचा म्हणजे कलम कधी बांधायचे, छाटणी कोणत्या डोळ्याच्या वर घ्यायची, कोणते आळे मोठे करायचे, हे त्यांना विचार न करता जमत होते. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही असे मी म्हणणार नाही, पण ते हातात उतरायला ऋतूंची पूर्ण चक्रे जावी लागतात आणि त्यांना कोणताही जवळचा रस्ता नाही.

केंद्राच्या व्यवस्थापनाला रुग्णांना चाकाच्या खुर्चीतून त्या झाडाखाली नेता यावे असे वाटले. त्यासाठी वाट हवी, झाडाखाली बसायला जागा हवी आणि दाराजवळचा कोपरा मोकळा हवा. बाग आहे आणि बागेला माळी आहे, तेव्हा हे काम माळ्यालाच सांगावे, असे ठरले. या प्रकरणातला हा पहिला निर्णय होता आणि तो निर्णय आहे असे त्या वेळी कोणाला वाटलेही नाही, कारण त्याला पर्याय असू शकतो हाच विचार पुढे आला नव्हता.

पहिले काम आणि उघडी पडलेली अडचण

काकांनी मधल्या भागातली माती खोदून तो सपाट केला आणि निघालेली माती वर नेऊन झाडाभोवती पसरून बसण्याचा चौथरा केला. झाडाच्या एका बाजूला या भरावाची जाडी 30 सेंटिमीटरपर्यंत होती. दारापासून झाडापर्यंत त्यांनी सरळ वाट आखली, माती उकरून सारखी केली, वर वाळूचा थर देऊन फरशा बसवल्या. भिंतीलगतचे वाफे खोल खणून तळाशी खडी घातली, म्हणजे पाण्याचा निचरा होईल.

पहिल्याच पावसाळ्यात चार गोष्टी एकदम समोर आल्या. मागच्या दाराशी पाणी तुंबू लागले. वाट जागोजाग खचली आणि फरशांच्या कडा वर आल्या, ज्यांवर कुबडीचे टोक अडकते. चढावरचा भाग आठास एक इतका तीव्र होता. चाकाच्या खुर्चीसाठी बाराला एक हा बहुतेक मानकांत कमाल उतार धरला जातो, त्यामुळे मदतनीस ढकलत असला तरी ती चढण अवघड आणि उतरण धोक्याची होती. भिंतीलगतच्या वाफ्यांतली झाडे मुळांशी कुजली. पुढच्या वर्षी याच्या जोडीला पाचवी गोष्ट दिसू लागली: जुन्या झाडाचे शेंडे एका बाजूने वाळायला लागले.

या पाचही गोष्टींची कारणे तपासली तर त्यांतले एकही कारण निष्काळजीपणाचे नव्हते, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. काकांनी त्यांच्या कामात बरोबर असलेलीच गोष्ट प्रत्येक ठिकाणी केली होती. माती भुसभुशीत करणे हा माळीकामाचा पाया आहे. पण वाटेखालची माती भुसभुशीत राहिली तर वाट खचणारच. वाटेला खाली 10 ते 15 सेंटिमीटर खडीचा थर थराथराने दाबून घ्यावा लागतो आणि त्यावर सुमारे 3 सेंटिमीटरच वाळू पुरते. खोल खणलेल्या वाफ्याच्या तळाशी खडी घालणे हा बागेत सर्वत्र चालणारा उपाय आहे. पण चिकण मातीत बंद तळाचा खड्डा खणला की तो हौद होतो, त्यातले पाणी जाणार कुठे हा प्रश्न खडीने सुटत नाही. शिवाय बारीक कणांच्या मातीतले पाणी ती माती पूर्ण भिजेपर्यंत खालच्या भरड थरात उतरतच नाही, त्यामुळे मुळे उलट अधिक काळ ओलीत राहतात. झाडाला नवी माती देणे हे प्रेमाने केलेले काम होते. पण झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या 30 ते 60 सेंटिमीटर मातीत असतात, त्यांच्यावर भराव पडला की हवा कमी होते, आणि त्याचा परिणाम दिसायला कधी कधी कित्येक वर्षे लागतात.

दाराशी तुंबणाऱ्या पाण्याचा हिशेब तर साधा होता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 25 मिलिमीटरची एक सर आली की या अंगणावर 18,000 लिटर पाणी पडते, आणि सगळा उतार इमारतीकडे असल्यामुळे त्यातले जे मुरत नाही ते दाराकडे येते. आधी मधल्या भागातले उंचवटे आणि हिरवळ हे पाणी काही काळ अडवत होते. तो भाग सपाट केल्यावर आणि त्यावर फरशा आल्यावर तो अडथळा गेला. काका रोज जमीन पाहत होते, पण अंगणाची पातळी कोणीच कधी मोजली नव्हती. मोजायचे कसे हे त्यांना शिकवलेच गेले नव्हते, आणि इतक्या वर्षांत बाग सांभाळताना त्याची गरजही पडली नव्हती.

समितीसमोरचे पर्याय

केंद्राने एक छोटी समिती नेमली. तिच्यासमोर तीन मार्ग होते.

पहिला मार्ग दुरुस्तीचा होता. दाराशी जाळीचे झाकण असलेली एक गटार करावी, वाट उखडून पुन्हा बसवावी, आणि हे काकांनीच करावे. खर्च सर्वांत कमी, आणि काकांचा मानही राखला जाईल, असे एका सदस्याचे म्हणणे होते. मान राखण्याचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, पण ज्या कामाचे शिक्षण मिळालेले नाही ते काम पुन्हा अंगावर टाकणे हा मान राखण्याचा मार्ग नव्हे. आणि वाटेचा उतार तर दुरुस्तीने बदलणारच नव्हता.

दुसरा मार्ग असा होता की, आराखड्यापासून रोपे लावण्यापर्यंत सर्व काम लँडस्केपिंग करणाऱ्या एकाच कंपनीला द्यावे आणि तयार बाग काकांच्या ताब्यात द्यावी. बहुतेक सदस्यांचा कल इकडे होता. जबाबदारी एकाकडे राहते, बोलाचाली एकाशीच करावी लागते, तारीख ठरते, हे फायदे खरे आहेत. पण काम पूर्ण करून ताब्यात देण्याच्या दिवशी जे उत्तम दिसते ते तिसऱ्या वर्षी कसे दिसेल, याचा विचार अशा करारात सहसा कोणाच्याच वाट्याला येत नाही.

तिसऱ्या मार्गात काम तोडून वाटायचे होते: मोजणी आणि आराखडा लँडस्केप आर्किटेक्टकडे, खोदाई, भराव, निचरा, वाट आणि भिंत कंत्राटदाराकडे, माती तयार करणे, लागवड आणि पुढची निगा काका आणि त्यांच्या सहायकाकडे. हा मार्ग मी सुचवला होता. त्याची अडचण उघड होती: तीन हात एका जागेवर आले की मधल्या सीमांवरची कामे कोणाचीच नसतात.

समितीने बऱ्याच चर्चेनंतर तिसरा मार्ग स्वीकारला. चर्चा वळली ती एका प्रश्नावर. या अंगणात मातीकडून दोन परस्परविरुद्ध मागण्या होत्या: वाटेखाली आणि भिंतीच्या पायात ती घट्ट हवी होती आणि तिथून हातभर अंतरावर, वाफ्यात, ती मोकळी हवी होती. एकाला माती दाबायचे शिक्षण मिळालेले असते आणि दुसऱ्याला ती मोकळी करण्याचे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि कुठली जागा कोणाची हे कागदावर आखलेले नसेल तर दोघेही एकमेकांचे काम बिघडवतात. आराखड्यावर दाबायची माती आणि राखायची माती असे दोन रंग करावेत, असे ठरले.

प्रत्यक्ष काम

लँडस्केप आर्किटेक्ट बाईंनी लेव्हल यंत्र लावून अंगणाचे उंच-सखल मोजले आणि समपातळी रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा केला. सहायक दिवसभर त्यांच्यासाठी मोजपट्टी धरून उभी होती. दोन बिंदूंमधला डोळ्यांना न दिसणारा फरक आकड्यात उतरतो आणि त्या आकड्यावरून पाणी कुठे जाईल हे आधीच सांगता येते, हे तिने त्या दिवशी प्रथम पाहिले, आणि पुढे तिच्या प्रशिक्षणाचा जो प्रश्न निघाला त्याची सुरुवात तिथे झाली.

आराखड्यात इमारतीलगतच्या पहिल्या 3 मीटर जमिनीला इमारतीपासून दूर जाणारा शेकडा 5 उतार दिला गेला. चढाच्या पायथ्याशी एक उथळ चर आणि तिच्याखाली खडीत बसवलेली सच्छिद्र नळी घेतली, शंभरास एक उताराची, म्हणजे वरून येणारे पाणी दारापर्यंत पोचण्याआधीच बाजूला वळेल. वाट सरळ न नेता वळणाची केली आणि तिला विसास एक असा सौम्य उतार दिला; एक मीटर चढायला त्यामुळे 20 मीटर लांबी लागली, पण रुग्ण मदतनिसाशिवायही चढू शकेल अशी वाट मिळाली. वळणाच्या आतल्या बाजूला 60 सेंटिमीटर उंचीची भिंत आली. तिच्या मागे खडीचा थर आणि तळाशी पाणी बाहेर पडण्यासाठी छिद्रे ठेवली, कारण अशा भिंती बहुतेक वेळा मातीच्या भारापेक्षा तिच्यामागे साचलेल्या पाण्याच्या दाबाने फुटतात.

पहिल्या बैठकीला काकांना बोलावलेच नव्हते. दुसऱ्या बैठकीला ते आले आणि नकाशा बराच वेळ पाहत राहिले. मग वाट झाडाच्या ज्या बाजूने नेली होती तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "बाई, या अंगाला याची सगळी फुलं गळतात. महिनाभर खाली सडा असतो, आणि त्यावर पाणी पडलं की चप्पलसुद्धा सरकते." मोजणी एका दिवसात झाली होती आणि त्या दिवशी झाड फुलावर नव्हते. वारा बहुतेक एकाच बाजूने येतो, त्यामुळे गळ एकाच अंगाला पडते, हे वर्षभर झाडलोट करणाऱ्यालाच ठाऊक असते. कुबडी घेऊन चालणाऱ्या माणसांसाठी केलेली वाट महिनाभर निसरडी राहिली असती. बाईंनी तिथल्या तिथे वाट झाडाच्या दुसऱ्या बाजूला वळवली. त्याच बैठकीत काकांनी भिंतीचा एक कोपरा दाखवला, जिथे कोरड्या महिन्यांतही माती ओलसर असते. तिथे नळीची एक फाटी वाढवण्यात आली. माळ्याचे ज्ञान लागवडीच्या वेळी कामाला येते असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते ते सर्वांत जास्त उपयोगी पडते ते पातळी ठरवण्याच्या वेळी, आणि नेमके तेव्हाच त्याला कोणी विचारत नाही.

जुन्या झाडाबद्दल बाई आणि काका यांचे पहिल्यापासून एकमत होते. ब्रिटिश मानक 5837 मध्ये बांधकामाच्या वेळी झाडाचे मूळक्षेत्र राखण्यासाठी बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्या धरतात; 50 सेंटिमीटरच्या बुंध्याला ती 6 मीटर होते. तेवढे कुंपण घातले गेले आणि त्याच्या आत यंत्र येऊ दिले नाही. चौथऱ्याचा भराव घमेल्या-घमेल्याने हातांनी काढला, बुंध्याचा पसरट पाया पुन्हा उघडा केला आणि वर फक्त पालापाचोळ्याचे पातळ आच्छादन दिले.

चूक झाली ती दुसरीकडे. आराखड्यावर दोन रंग होते, पण खोदाईचे यंत्र कोणत्या मार्गाने ये-जा करेल आणि रात्री कुठे उभे राहील, हे कोणत्याच कागदावर नव्हते. पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना, ते दोन आठवडे भावी वाफ्यांच्या जागेवर उभे होते आणि तिथूनच वळत होते. ओल्या मातीवर जड यंत्राच्या पहिल्या काही फेऱ्यांतच माती घट्ट दाबली जाऊन बहुतेक नुकसान होऊन जाते. नंतरच्या फेऱ्या त्यात थोडीच भर घालतात. वरून पाहता जमीन छान सपाट दिसत होती.

लागवडीच्या आधी काकांच्या सांगण्यावरून सहायकाने दोन खड्डे घेतले, 30 सेंटिमीटर रुंद आणि तेवढेच खोल: एक जुन्या, न दुखावलेल्या वाफ्यात आणि एक यंत्राच्या जागी. दोन्ही एकदा पाण्याने भरून मुरू दिले, मग पुन्हा भरले आणि खुणा केलेली काठी उभी करून पाणी किती उतरते ते पाहिले. तासाला 2.5 ते 7.5 सेंटिमीटर उतरणे ही बहुतेक झाडांना चालणारी गती मानतात. जुन्या वाफ्यात पाणी तासाभरात 4 सेंटिमीटर उतरले. दुसऱ्या खड्ड्यात ते पहिल्या खुणेवरून जेमतेम हलले होते, आणि खड्ड्याच्या कडेला खुरप्याने ओरखडल्यावर माती ढेकळांऐवजी चकचकीत पापुद्र्यांनी निघत होती.

उद्घाटनाची तारीख ठरलेली होती. कंत्राटदाराच्या मुकादमाचे म्हणणे असे की, "रोपं लावून घ्या, जगली नाहीत तर बदलून देऊ." त्यावर काका म्हणाले, "बदललेलं रोप तरी याच मातीत जाणार ना?" हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता. माती वाळल्याशिवाय ती खोलवर मोकळी करता येत नाही; ओली असताना फोडली तर ती आणखी बिघडते. मूठभर माती दाबून गोळा केला आणि तो बोटाने टोचल्यावर सहज फुटला, तर ती काम करण्याजोगी झाली असे समजायचे. त्यासाठी काही आठवडे थांबावे लागणार होते आणि वाफे उघडे-बोडके ठेवून उद्घाटन करणे व्यवस्थापनाला नकोसे वाटत होते. अखेर वाट आणि बसण्याच्या जागा ठरल्या दिवशी खुल्या केल्या गेल्या आणि वाफे थांबले. फक्त प्रवेशाजवळचा एक कोपरा देखावा म्हणून तातडीने लावण्यात आला. माती वाळल्यावर उरलेले वाफे सुमारे 40 सेंटिमीटर खोल फोडून, कुजलेले खत मिसळून, मग लागवड झाली.

सहायकाच्या प्रशिक्षणाचा निर्णय

काम चालू असतानाच केंद्राने सहायकाच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आणि कोणते शिक्षण, हा प्रश्न निर्माण झाला. तिच्या मनात लँडस्केप आर्किटेक्चरची पदवी होती, काकांना तिने उद्यानविद्येचे शिक्षण घ्यावे असे वाटत होते, आणि व्यवस्थापनाला फक्त असे अंगण पुन्हा पाण्यात जाऊ नये एवढेच हवे होते.

लोकांच्या बोलण्यात लँडस्केपिंग हा एकच व्यवसाय असतो, पण त्यात किमान दोन वेगळी शिक्षणे आहेत. आर्किटेक्टचे शिक्षण चार-पाच वर्षांचे असते. त्यात मोजणी, नकाशे, जमिनीची घडण, पाण्याचा प्रवाह, बांधकामाचे तपशील, कायदे आणि करार यांचा अभ्यास असतो, झाडांचाही असतो पण मुख्यतः निवड आणि मांडणी या अंगाने. अनेक देशांत त्यानंतर परवान्याची परीक्षाही असते. प्रत्यक्ष बांधणी करणाऱ्याचे शिक्षण निराळे: दोरी, खुंट्या, ओळंबा, लेव्हल, थर दाबणे, फरशी बसवणे, नळी टाकणे, यंत्र चालवणे. ते बरेचसे कामावरच होते आणि त्याची फलश्रुती काही आठवड्यांत डोळ्यांना दिसते. माळीकामाच्या शिक्षणात वनस्पतींची ओळख आणि शास्त्रीय नावे, अभिवृद्धी (नवी रोपे तयार करणे), छाटणी, माती, कीड आणि रोग हे विषय असतात, आणि वर्गात ते वर्षभरात शिकवता आले तरी एका चुकीच्या छाटणीचे उत्तर झाड पुढच्या हंगामात देते. म्हणून लँडस्केपिंगच्या शिक्षणात काम पूर्ण होण्याची तारीख असते आणि माळीकामाच्या शिक्षणात ती नसते.

ही विभागणी नेहमी इतकी ठळक नव्हती. इंग्लंडमधला लॅन्सेलॉट ब्राउन 1741 मध्ये स्टो येथील बागेत कामाला लागला, पुढे तिथेच मुख्य माळी झाला आणि 1751 नंतर स्वतंत्रपणे टेकड्या, तळी आणि वृक्षांचे समूह यांच्यासह सबंध परिसर घडवू लागला. माळीकामातून जमीन घडवण्याकडे तो कामावरच गेला, कारण तेव्हा या कामाचे वेगळे शिक्षणच नव्हते. अमेरिकेत लँडस्केप आर्किटेक्टांची संघटना 1899 मध्ये स्थापन झाली, 1900 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचे शिक्षण सुरू झाले, आणि 1948 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ आला. तरीही उत्तम बागा दोघांनी मिळून केलेल्या दिसतात: गर्ट्रूड जेकिल यांची लागवड आणि एडविन लट्येन्स यांचे पायऱ्या, भिंती, वाटा यांचे आराखडे हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सहायकाला मी हे सांगितले ते, दोन्ही एकट्याने आलेच पाहिजे हा तिच्या मनावरचा भार उतरावा म्हणून.

तिला मी एकच गोष्ट ठरवायला सांगितली: काम झाल्यावर त्या जागेवर थांबायचे आहे, की पुढच्या जागेवर जायचे आहे? आर्किटेक्ट आणि कंत्राटदार पुढे जातात. त्यांना जावेच लागते, नाहीतर त्यांचा व्यवसाय चालत नाही. माळी थांबतो. तिने आर्किटेक्ट बाईंबरोबर काही दिवस त्यांच्या कार्यालयात काढले आणि दिवसाचा बहुतेक वेळ पडद्यासमोर, पत्रव्यवहारात आणि मोजमापांच्या तक्त्यांत जातो हे पाहिले. त्यात कमीपणा काही नाही, पण तिला मातीत हात हवा होता. अखेर तिने दोन वर्षांचे अर्धवेळ उद्यानविद्येचे शिक्षण निवडले आणि त्याला पातळी-मोजणी, निचरा आणि वाटा यांच्या एका छोट्या अभ्यासक्रमाची जोड दिली. तिच्याबाबतीत हा निर्णय मला योग्य वाटतो. ज्याला आकड्यांत, नकाशात आणि माणसांशी वाटाघाटी करण्यात रस आहे, त्याला मी उलट सल्ला देईन. पण पदवीआधी निदान एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू, एखाद्या बागेत काम करण्याचा आग्रह धरेन.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात दाराशी पाणी आले नाही. वाट खचली नाही आणि काही रुग्ण आता कोणाच्या मदतीविना झाडापर्यंत जातात, ज्यासाठी हा सारा खटाटोप होता.

वाफ्यांतला फरक कोणालाही दिसेल असा होता. थांबून लावलेल्या वाफ्यांत तुरळक रोपे गेली. उद्घाटनासाठी लावलेल्या कोपऱ्यातली बहुतेक रोपे पहिल्या कोरड्या हंगामापर्यंत गेली. कंत्राटदाराने कराराप्रमाणे ती बदलून दिली आणि बदललेलीही टिकली नाहीत. शेवटी तो कोपराही खोलवर फोडून पुन्हा लावावा लागला.

जुन्या झाडाचे मात्र पूर्ण भरून निघालेले नाही. वाळलेला भाग काढल्यावर डेऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. उरलेल्या फांद्यांवर नवी पालवी येते, पण भरावाखाली गुदमरलेली मुळे किती वाचली हे कळायला आणखी वर्षे जातील. रुग्ण खाली बसत असल्यामुळे दरवर्षी जाणकाराकडून त्याची तपासणी होते आणि पुढची सोय म्हणून काही अंतरावर दुसरे झाड लावले आहे.

वेगळे काय करता आले असते

सुरुवातीला, काम कोणाला द्यायचे हे ठरवण्याआधी, काम कोणते आहे हे लिहून काढायला हवे होते. जमिनीची पातळी बदलणार आहे का, पाण्याची वाट बदलणार आहे का, माणसाचा किंवा मातीचा भार पेलणारे काही उभे राहणार आहे का, यांतल्या एकाचेही उत्तर होय असेल तर ते माळीकाम नव्हे. हे तीन प्रश्न विचारायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. काकांनाही नकार देण्याची जागा ठेवायला हवी होती; नोकरीतला माणूस वरिष्ठांना हे माझे काम नाही असे सहज म्हणू शकत नाही, तेव्हा तो प्रश्न वरूनच विचारला गेला पाहिजे.

काका पहिल्या बैठकीला असते तर वाटेची रेषा एकदाच आखली गेली असती. हे नुकसान लहान होते. यंत्राचा मार्ग न ठरवण्याचे नुकसान मोठे होते, आणि ते टाळणे सर्वांत सोपे होते: वाफ्यांच्या जागेभोवती दोरी बांधून फक्की मारली असती आणि करारात एक ओळ लिहिली असती, तरी पुरले असते.

रोपे बदलून देण्याची हमी समितीला सुरक्षित वाटली होती. ती रोपाची हमी होती, मातीची नव्हती. लागवडीआधी पाणी मुरण्याची चाचणी आणि तिचा निकाल लिहून घेणे ही अट घातली असती तर कोपऱ्यातल्या वाफ्यावर दोनदा खर्च झाला नसता. कंत्राटाच्या रकमेचा काही भाग एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक कोरडा हंगाम, राखून ठेवायलाही हरकत नव्हती. अनेक करारांत तशी मुदत असतेच.

सीमेवरचे एक काम तर अलीकडेच लक्षात आले. निचऱ्याच्या नळीवर सफाईसाठी ठेवलेल्या खड्ड्यांची झाकणे कंत्राटदाराच्या नकाशात होती, पण तो नकाशा कार्यालयातल्या कपाटात होता, आणि पसरणाऱ्या झुडपांखाली दोन झाकणे झाकली गेली होती. नळीत गाळ आणि बारीक मुळे शिरायला सुरुवात झालेली आढळली. आता नकाशाची एक प्रत अवजारांच्या खोलीत लावली आहे, झाकणांभोवती हातभर जागा मोकळी ठेवली जाते, आणि पावसाळ्याआधी एकदा व पानगळीनंतर एकदा ती उघडून पाहण्याचे काम सहायकाच्या वार्षिक यादीत घातले आहे.